चाळीसात बसवलेलं वाक्य

सकाळी नऊ वाजून अकरा मिनिटांनी त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. पाणीपुरवठा खात्याचा मेसेज. त्यात नवल काहीच नव्हतं, कारण तो मेसेज त्यानंच मिनिटभरापूर्वी सोडला होता आणि खात्याच्या प्रत्येक यादीत शेवटचा नंबर त्यानं स्वतःचा टाकून ठेवला होता, सगळ्यांना पोचलं की आपल्याला कळावं म्हणून. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचलं. ‘दादा, दार उघड. मीच आहे, बरोबर कोणी नाही.’ तो बसलेलाच होता, तरी त्यानं उगाच खुर्चीचा हात धरला. उद्या दहा ते चार तीन विभागांत पाणी येणार नाही, एवढंच जायला हवं होतं. ते गेलं नव्हतं. गेलं होतं ते हे, आणि एकसष्ट हजार चारशे फोनवर गेलं होतं. बरं, मेसेज म्हणजे काही विहिरीत सोडलेला पोहरा नव्हे, की चुकला म्हणून दोर ओढून परत वर घ्यावा. गेला तो गेला. आणि त्या तीन विभागांपैकी मधल्या विभागात, दुसऱ्या मजल्यावर, त्याचा सख्खा मोठा भाऊ राहत होता. त्याच्याशी तो अकरा वर्षं बोललेला नव्हता.

वाक्य चाचणीचं होतं. खात्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यानं एक दिवस शिकवलेलं नव्हतं, पण प्रोग्राम लिहायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचा पहिला दिवस त्याच्या टेबलापाशी जायचा. मेसेज नीट जातोय का हे पाहायला आधी काहीतरी लिहून पाहावं लागतं, आणि ज्याचं त्याचं काहीतरी ठरलेलं असतं. त्याच्या आधीचा माणूस नुसते अ दाबून ठेवायचा, पडदा भरेपर्यंत अअअअ. एकजण प्रेयसीचं नाव टाकायचा. लग्न दुसरीशी झालं, प्रोग्राममध्ये मात्र पहिलीच राहिली, आणि अजून आहे. मास्तरचं हे. एकोणीस वर्षांपूर्वी तो लागला तेव्हा मेसेजची पेटी चाळीस अक्षरांची होती. एक्केचाळिसावं काही आलं की शेपूट कापलं जायचं. मग चाचणीला बरोबर चाळीस भरेल असं काहीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी, नवी खुर्ची, नवं टेबल, हाताला घाम, आणि डोक्यात दुसरं काही येईना तेव्हा हे लहानपणचं वाक्य आलं. इकडचं तिकडचं छाटून ते चाळीसात बसलं. पुढे पेटी सत्तरची झाली, मग दोन जोडून एकशेचाळीसची, पण वाक्य बदलायचं त्याला कधी सुचलं नाही. हात आपोआप तेच टाइप करायचे, देवळापुढून जाताना काही लोकांचा हात आपोआप छातीशी जातो तसे.

‘स्ट्रिंग म्हणजे काय,’ तो नव्या माणसाला विचारायचा, आणि तो बिचारा पुस्तकातली व्याख्या सुरू करायच्या आत स्वतःच सांगायचा. एकामागे एक ओवलेली अक्षरं, बस. पण यंत्राची अक्षरं वेगळी आणि तुमची वेगळी. तुम्हाला ‘दा’ एक दिसतो, यंत्राला दोन दिसतात, द वेगळा आणि काना वेगळा. दोन शब्दांमधली मोकळी जागा तुम्हाला दिसतच नाही, यंत्र तीसुद्धा मोजतं. हे वाक्य बघा, डोळ्यानं मोजा. नवा माणूस बोटं चालवून एकोणीस म्हणायचा. यंत्राला विचारा. यंत्र म्हणायचं चाळीस. आणि पहिलं अक्षर कितव्या जागी? पहिल्या, असं सगळे म्हणतात. शून्याव्या. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा पूर्णविराम एकोणचाळिसाव्या जागी. शून्य म्हणजे काही नाही असं समजू नका, शून्य म्हणजे सगळ्यात आधी. लोक या एका गोष्टीला वर्षभर फसत राहतात. रिकामी स्ट्रिंग वेगळी आणि स्ट्रिंगच नसणं वेगळं, हे तो त्यानंतर सांगायचा, आणि सगळ्यात शेवटी, चहा मागवून झाल्यावर, आवाज थोडा खाली आणून: स्ट्रिंग बदलत नाही. एकदा झाली ती झाली. तुम्ही म्हणाल, इथला शब्द काढा, तिथे दुसरा घाला. यंत्र हो म्हणेल आणि दुसरी नवीन स्ट्रिंग करून तुमच्या हातात देईल. ती ठेवून घ्या. नाव देऊन ठेवून घ्या. नाही घेतलीत तर नवी जाते वाऱ्यावर आणि जुनी असते तिथेच असते. पहिल्या महिन्यात हे प्रत्येकाचं चुकतं. चुकलं की माझ्याकडे या, मी ओरडणार नाही.

आज सकाळी त्यानंच ती ठेवून घेतली नव्हती. तीन विभागांसाठी नवा साचा केला, त्यात दादाचं वाक्य घालून पाहिला, ठीक चालला, मग लिहिलं की या वाक्याच्या जागी सूचना घाल. पडद्यावर सूचना दिसली, कारण पडद्याला यंत्रानं नवी दाखवली. पाठवायच्या रकान्यात मात्र जुनीच पडून राहिली. डावीकडे एक नाव आणि बरोबरचं चिन्ह एवढंच लिहायचं राहिलं होतं. एकोणीस वर्षं लोकांना सांगतोय, आणि स्वतःच्या टेबलाखाली हा अंधार. त्यानं ते दुरुस्त केलं, तीनदा तपासलं, नऊ वीसला खरी सूचना सोडली आणि तिच्यापुढे ‘आधीच्या संदेशाकडे दुर्लक्ष करावे’ असं जोडलं. दुर्लक्ष करावे. हे त्यानं लिहिलं खरं, पण लिहिताना त्याला एकच माणूस दिसत होता, आणि तो माणूस दुर्लक्ष करण्यात आधीच तयार होता.

साहेब दहाच्या आत टेबलापाशी आले. साहेब एरवी कोणाच्या टेबलापाशी जात नाहीत, बोलावून घेतात. “मास्तर, हे काय आहे? माझ्या बायकोचा फोन. म्हणते, तुम्ही ऑफिसात आहात ना, मग दारात कोण आहे?” कोणीतरी मागे खुसखुसलं. साहेबांनी मागे पाहिलं तसं ते थांबलं. “कोणाचा चावटपणा आहे हा?”

“चावटपणा नाही साहेब. चूक आहे. माझी.”

“तुमची?” साहेबांना हे खरंच वाटेना. “तुमची कशी होईल?”

“पहिल्या महिन्यात होते तसलीच आहे. आत्ता झाली.”

साहेबांनी नाकातून एक लांब श्वास सोडला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही वर माणसं होती आणि त्यांचे फोन यायला लागले होते. “चार वाजेपर्यंत लेखी द्या. चूक कशी झाली आणि हे वाक्य आलं कुठून, दोन्ही. लोकांना वाटतंय काहीतरी सांकेतिक आहे. आणि ते वाक्य आजच्या आज सगळीकडून काढून टाका. यापुढे चाचणीला ‘चाचणी’ एवढंच लिहायचं. कळलं?” कळलं, तो म्हणाला. चूक कशी झाली हे दोन ओळींत लिहून होणार होतं. वाक्य आलं कुठून, याला किती ओळी लागतील हे त्याला माहीत नव्हतं.

आलं आईकडून. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, डोक्याला पट्टा लावून दिवसभर लोकांचे नंबर जोडून द्यायची, पाळ्या बदलत्या. वडील नव्हते. दादाची शाळा सकाळची, त्याची दुपारची लवकर सुटणारी, आणि दोघांच्या मधे घर दादाच्या ताब्यात. दादा अकराचा, हा सातचा. आईनं सांगितलं होतं, कोणी कितीही ओळखीचं वाटलं तरी कडी काढायची नाही. मी आलोय असं कोणीही म्हणेल, आवाजही काढेल. वाक्य लांब ठेवा, छोटं वाक्य चोराच्याही तोंडात बसतं. आणि मग तिनंच ते केलं, भाजी निवडता निवडता, दोघांकडून दहा दहा वेळा म्हणवून घेतलं. त्या दिवसापासून दादा हा भाऊ राहिला नाही, फाटकावरचा शिपाई झाला. दारापाशी आलं की आतून विचारायचा, “वाक्य?” मग म्हणायचं. घाईत म्हटलं, एखादा शब्द गिळला, की आतून शांतपणे यायचं, “एक शब्द राहिला.” कुठला ते सांगायचा नाही. आत बोटं मोजायचा तो. दाराच्या फटीतून दिसायची मिटलेली बोटं. एकदा हा रागावला, म्हणणारच नाही जा, म्हणून दप्तरावर बसून राहिला, पाऊण तास. दादानंही आत बसून पाऊण तास काढला. आवाज दिला नाही, कडीही काढली नाही. शेवटी लघवीला लागली म्हणून यानंच हार खाल्ली. आणि एकदाच, हा जिन्यात पडून हनुवटी फुटली तेव्हा, रडण्यात त्याच्या तोंडून नुसतं ‘दादा’ एवढंच निघालं, आणि ‘दा’ संपायच्या आत कडी निघालेली होती. हनुवटीवरचा तो वण दाढी करताना अजून ब्लेडला लागतो. दादा पुढे चष्म्याच्या काचा घासायला लागला, तीस वर्षं एकाच दुकानात, आणि त्याच्या हातची काच अर्ध्याच्या अर्ध्या नंबरानंही कधी चुकली नाही असं लोक सांगत. न चुकणारा भाऊ असणं सोपं नसतं. चुकायचं काम मग आपोआप दुसऱ्याच्या वाट्याला येतं.

तक्रार टेबलावरच्या बाईंना ऑफिस पाठीमागे ‘बातम्या’ म्हणतं, कारण आलेलं प्रत्येक पत्र त्या मोठ्यानं वाचतात. मेसेजला लोकांना उलट उत्तर देता येतं, आणि आज लोकांनी दिलं होतं. अकरा वाजेपर्यंत दोन हजार. “ऐका मास्तर, ऐका. ‘दादा कामावर गेलेत, संध्याकाळी या.’ हे बघा, ‘आमच्याकडे बेल आहे, दाबा.’ ‘मी दादा नाही, ताई आहे, तरी उघडू का?’ अगं बाई! हा शहाणा म्हणतोय, आधी पाणी सोडा, मग दार उघडतो.” सगळे हसत होते. तोही हसला, हसायलाच हवं होतं, हसला नसता तर जास्त दिसलं असतं. मग बाईंचा आवाज उतरला. “आणि हे कोणीतरी म्हातारं माणूस दिसतंय. ‘तीनदा दार उघडून पाहिलं. कोणी नाही. तुम्ही नक्की कितव्या मजल्यावर आहात?’” यावर कोणी हसलं नाही. बाईंनी ते ‘चौकशी’ या सदरात टाकलं. त्यांनी चार सदरं केली होती, चौकशी, शिवीगाळ, अपुरा संदेश आणि इतर, आणि प्रत्येक उत्तर वाचून झालं की पटकन एका सदरात ढकलत होत्या.

दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, माझ्या बहिणीला पाण्याच्या नंबरवरून तुमचं ते वाक्य आलंय.” बायकोला वाक्य माहीत होतं, लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं, तेव्हा कौतुकानं सांगण्यासारखं होतं. “चुकून ना?”

“चुकून.”

“बहीण दादांच्याच भागात राहते,” ती म्हणाली. “म्हणजे त्यांनाही गेलं असेल.”

“गेलं असेल.”

“मग त्यांना काय वाटेल?”

“मला काय विचारतेस? मी काय त्यांच्या डोक्यात बसलोय?” तो ओरडला, आणि लगेच हळू झाला, कारण बाईंनी मान वर केली होती. “ठेवतो. काम आहे.”

काम होतंच. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वाक्य सगळीकडून काढायचं होतं. पण शोध सुरू करायच्या आधी तो नुसता पडद्याकडे बघत बसला. दादाला काय वाटलं असेल? थट्टा वाटली असेल. अकरा वर्षांनी आठवण काढली ती अशी, चव्हाट्यावर, एकसष्ट हजार लोकांना ऐकवून. किंवा त्याहून वाईट म्हणजे वाटलं असेल, मुद्दाम केलं, समोर यायची हिंमत नाही म्हणून खात्याच्या खर्चानं दार ठोठावलं. किंवा नंबरच बदललेला असेल. किंवा वाचलं असेल आणि काहीच आठवलं नसेल, दुसऱ्या कोणासारखंच ‘बेल दाबा’ म्हणून मोकळा झाला असेल. या शेवटच्याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण मग ते वाक्य माहीत असलेला जगात तो एकटाच उरत होता.

अकरा वर्षांपूर्वीची दुपार. आई तेव्हा दादाकडे होती आणि तिचं विसरणं सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. तो न कळवता गेला. जिना चढून पाहतो तर दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार तेवढ्यात आतून आवाज, “कोण आहे?” आई. आत आई, बाहेर कुलूप. “आई, मी आहे गं.” आतून अगदी त्या वेळच्या आवाजात, एक्स्चेंजमध्ये बोलायची तसल्या घासूनपुसून केलेल्या आवाजात, “वाक्य म्हण.” त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. मुलाचं नाव विसरलेली बाई, पण वाक्य विचारत होती. त्यानं म्हटलं. “पूर्ण म्हण,” आई म्हणाली. त्यानं परत म्हटलं. “पूर्ण म्हण ना रे.” तिसऱ्यांदा म्हटलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, शेजारच्या दारातून कोणीतरी डोकावेपर्यंत. आईनं आतून कडी काढली तरी. दार बोटभर उघडलं आणि कुलपाला अडून थांबलं. त्या फटीतून तिचा एक डोळा दिसत होता, आणि ती विचारत होती की दार का उघडत नाहीये, मी तर कडी काढली. हे त्याला सहन झालं नाही. दादा दुकानातून डबा घेऊन जेवायला आला तो पायऱ्यांवरच सापडला आणि यानं त्याला सगळ्या मजल्यासमोर नाही नाही ते ऐकवलं. आईला जनावरासारखं कोंडतोस. तू माणूस आहेस का. आजपासून तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. दादानं जेवणाचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, कुलूप काढलं, आत गेला. आठवड्यानं वहिनीनं फोनवर सांगितलं की आदल्या महिन्यात आई पायात दोन वेगळ्या चपला घालून चार रस्ते ओलांडून गेली होती, एक्स्चेंज पाडून जिथे आता गाड्या उभ्या राहतात तिथे, ड्यूटीला. एका गाडीवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली. वहिनीही दिवसभर कामावर, म्हणून दुकानातून दर दोन तासांनी दादा घरी येऊन बघत होता. हे ऐकलं त्या क्षणी त्याला कळलं की आपण चुकलो. अगदी साफ कळलं. पण बोललेलं कसं बदलायचं? ते झालं ते झालं. नवीन काहीतरी बोलावं लागलं असतं आणि ते त्याला जमेना. आज जमेना, उद्या जमेना. पाच महिन्यांनी आई गेली. स्मशानात दोघं भाऊ चार हातांवर उभे होते आणि मधे लोक होते.

सहा वर्षांपूर्वी एकदा दादाच्या नंबरावरून फोन आला होता. यानं उचलला. पलीकडे पंखा फिरत होता, कोणीतरी श्वास घेत होतं, बोललं कोणी नाही. अर्ध्या मिनिटानं फोन बंद झाला. खिशात चुकून दाबला गेला असेल, असं यानं ठरवून टाकलं, काही आलंच नाही असं मानलं. रोज दुसऱ्यांना शिकवत होता, रिकामं असणं वेगळं आणि नसणं वेगळं. स्वतःवर वेळ आली तेव्हा धडा कुठे गेला कोण जाणे.

तीन वाजता त्यानं शोध सुरू केला. वाक्य एकशेबारा ठिकाणी निघालं. पाणी बंदच्या साच्यात, गळतीच्या साच्यात, टाकी साफ करण्याच्या, आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मीटर वाचनाच्या. कुठल्या तरी नव्या माणसानं त्याचंच पाहून आपल्याही चाचणीत टाकलेलं होतं, पुढून मागून मोकळ्या जागा घेऊन, आणि त्यापुढे लिहिलं होतं, मास्तरांचं वाक्य, अर्थ माहीत नाही. त्यानं सगळीकडे ‘चाचणी’ घातलं आणि या वेळी प्रत्येक नवी ओळ ठेवून घेतली. मग परत शोधलं. सापडलं नाही की यंत्र उणे एक म्हणतं. उणे एक, ते म्हणालं. त्याला वाईट वाटलं. एका वाक्याचं इतकं वाईट वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्यानं साहेबांसाठी कागद घेतला. चूक माझी आहे. बदललेली ओळ ठेवून घेण्याचे राहून गेले. वाक्य माझे खासगी आहे, लहानपणी घरात वापरत असू. यामागे कोणताही हेतू नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं, खोडलं, आणि कागद तसाच नेऊन दिला. साहेबांनी वाचला, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं, पण विचारलं काही नाही. “महिनाभर पाठवायचं बटण दुसऱ्या कोणीतरी दाबेल,” ते म्हणाले. “राग मानू नका.” मानण्यासारखं नव्हतंच.

परत आला तेव्हा बाई यादी छापून निघायच्या तयारीत होत्या. “हे अपुरा संदेश सदरातलं तुम्ही बघा मास्तर, ते माझ्या डोक्याबाहेरचं आहे. काही लोकांना म्हणे अर्धाच पोचलाय.” चाळीस-पन्नास उत्तरं होती, वेळेप्रमाणे लावलेली. त्यानं सवयीनं मधूनच वाचायला सुरुवात केली. फक्त ‘दादा’ दिसतंय. पुढचं आलं नाही. मेसेज कापला गेलाय, परत पाठवा. तो खालपर्यंत गेला आणि मग, नव्या माणसांना ज्यावरून बोलायचा तेच आपण केलं, शून्यावी ओळ सोडली, हे लक्षात येऊन, वर आला. सगळ्यात वर, नऊ तेराला आलेलं, मेसेज पोचल्यावर दोन मिनिटांत, दोन हजार उत्तरांच्या आधीचं. बाईंनी वाचून सरळ या सदरात टाकलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

‘एक शब्द राहिला.’

नंबराचे शेवटचे चार आकडे पाहायची गरज नव्हती, तरी त्यानं पाहिले. मग तो खुर्चीत बसला आणि बोटं मोजायला लागला. दादा, दार, उघड, मीच, आहे. एक हात. बरोबर, कोणी, नाही. दुसऱ्या हाताची तीन. फटीतून दिसणारी दादाची बोटं एका हाताची पाच आणि दुसऱ्याची चार असायची. ती त्याला आता इतकी स्वच्छ दिसली की करंगळीच्या बाजूची शाईसुद्धा दिसली. नऊ. मग नववा कुठे गेला? आणि मग त्याला तो पहिला दिवस आठवला, घामेजलेले हात, चाळीसाची पेटी आणि एकोणपन्नास भरणारं वाक्य. यंत्राच्या मोजणीतली शेवटची नऊ अक्षरं त्यानं स्वतः कापली होती. शेपूट. आणि एकोणीस वर्षं कापलेलंच टाइप करून करून तेच पूर्ण वाटायला लागलं होतं. आई बरोबर होती. दाराआड उभी राहून, सगळं विसरून, ती बरोबर होती. पूर्ण म्हण, पूर्ण म्हण ना रे, आणि तो तिला विसरभोळी समजून तेच अर्धं वाक्य मोठ्यानं ओरडत होता. नववा शब्द तिच्याच नावाचा होता. भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, शेवटी माझी शपथ घाला, म्हणजे खोटं बोलायचं झालं तरी तुमच्या जिभेला जड जाईल.

“काय झालं मास्तर?” बाईंनी विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यानं पुसलं नाही. “काही नाही. हा संदेश खरंच अपुरा होता,” तो म्हणाला. “मी बघतो त्याचं.”

साडेपाचला तो तिथे पोचला. जिना तसाच होता, कठड्याचा तिसरा गज अजून सैल. अकरा वर्षांपूर्वी जिथे कुलूप होतं तिथला कडीकोयंडा काढून टाकलेला होता आणि चार स्क्रूंची भोकं रंगानं बुजवलेली होती. दार लोटलेलं होतं. कडी नव्हती लावलेली. बोटभर फटीतून आतल्या दिव्याचा उजेड बाहेर फरशीवर पडला होता. नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. तो उंबऱ्याच्या अलीकडे थांबला. पाय ठेवणार नाही असं तोच म्हणाला होता. आतून वहिनीचा आवाज आला, “अहो, दारात कोणीतरी आहे वाटतं.” आणि मग दादाचा, म्हातारा झालेला, “माहीत आहे. तू बस.”

त्यानं घसा खाकरला. एक्कावन्न वर्षांचा माणूस, हातात ऑफिसची बॅग, समोरच्या घरातली बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थांबून बघत होती. “दादा, दार उघड,” तो म्हणाला. “मीच आहे, बरोबर कोणी नाही.” इथपर्यंत सवय होती. पुढचं तोंडात येईना. जिची शपथ घालायची ती बाई नव्हती, आणि शेवटचं जे तिला ऐकायचं होतं ते तिला ऐकवायचं राहून गेलं होतं. “आईशप्पथ,” तो कसंबसं म्हणाला.

मग दादा म्हणाला, “ऐकू नाही आलं. परत म्हण.” ऐकू आलं होतं, दादाचा स्वतःचा आवाज तरी कुठे नीट होता.

त्यानं पहिल्यापासून परत म्हटलं, हळू, एकही न गिळता. फटीतून दादाचे हात दिसत होते, मांडीवर ठेवलेले, काच घासून घासून टोकं गुळगुळीत झालेली बोटं. एका हाताची पाचही मिटली. मग दुसऱ्याची, एक, दोन, तीन. जरा थांबून चौथं.

“नऊ,” दादा म्हणाला. “ये आत.”